पाण्यात जीव असेपर्यंत

डिसेंबर लागला की बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीत मी डाव्या बाजूची खिडकी धरते. लासुर्णे मागे पडलं की उसाची दाटी जरा विरळ होते आणि मधूनमधून डाळिंबाच्या बागा दिसायला लागतात. या दिवसांत त्या पिवळ्या पडलेल्या असतात. नवख्या माणसाला वाटेल, बागेला रोग लागला. तसं काही नसतं. फळ उतरवून झालं की आमच्याकडे झाडाचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना थेंब देत नाहीत. पानं पिवळी होतात, गळतात, आणि मागे नुसत्या काड्या आणि काटे राहतात. मग संक्रांतीच्या आसपास पहिलं पाणी सोडायचं, तेही बेतानं. पंधरा-वीस दिवसांत त्या वाळक्या दिसणाऱ्या काडीवर लाल कळी येते. याला बहार धरणं म्हणतात. लहानपणापासून बघते आहे, पण मला ही गोष्ट अजूनही नेहमीची वाटत नाही.

पिवळी बाग दिसली की माझ्या नाकाशी दुधाच्या पावडरीचा वास येतो. शेजारी बसलेल्या बाईला हे सांगितलं तर ती जागा बदलेल. पण त्याला कारण आहे, आणि ते कारण दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात आहे.

तेव्हा मी बारामतीत औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा प्रबंध उंदरांवर होता. पांढरे उंदीर, लालसर डोळ्यांचे, हातात घेतले की उबदार. कॉलेजच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती आणि शेजारच्या खोलीत एक गोल पत्र्याची टाकी. जनावरांना पाणी पाजायला असते तशीच, फक्त मोठी. तिच्यात कोमट पाणी भरायचं, दुधाची पावडर कालवून ते पांढरंफेक करायचं आणि पाण्याच्या दोन बोटं खाली एक छोटा पाट ठेवायचा. वरून पाट दिसत नाही. उंदीर सोडला की तो पोहत राहतो, कधीतरी पाय पाटाला लागतो, मग वर चढून अंग झटकतो आणि मिशा साफ करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन-चार दिवसांत धडधाकट उंदीर टाकीत पडल्या पडल्या तोंड वळवून नेमका पाटाकडे निघतो.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी वेळ मोजायला हातात धरलेलं घड्याळ बंद करायचं विसरले. पांढऱ्या पाण्यात खूण कसलीच नव्हती. खुणा होत्या भिंतींवर. मी चिकटवलेला काळा त्रिकोण, वर्तुळ, खिडकी, दिवा. एवढासा जीव नाक पाण्याबाहेर ठेवून पोहता पोहता ते सगळं बघत होता आणि त्यावरून न दिसणारी जागा मनात पक्की करत होता. शेंगदाण्यापेक्षा फार मोठा नसलेल्या मेंदूत अख्खी खोली मावली होती.

काही उंदरांना मात्र ती मावत नव्हती. त्यांना आम्ही काही दिवस एक औषध दिलेलं होतं, माणसाला भूल देताना वापरतात त्या जातीचं. त्यानं उंदीर सैरभैर होतो, शिकलेलं धरून ठेवू शकत नाही. सायकोसिस नावाच्या आजाराचा अभ्यास अशा उंदरांवर करतात. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले शत्रू दिसतात. उंदराला काय ऐकू येतं, हे त्याला विचारता येत नाही. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आपण वेडा उंदीर तयार करत नाही, हे लक्षात ठेव. आजाराचा एक लहानसा कोपरा उंदरात उभा करतो आणि तेवढाच बघतो. आपला कोपरा म्हणजे आठवण." औषध दिलेल्यांपैकी निम्मे उंदीर साध्या, रिकाम्या पिंजऱ्यात ठेवले होते. उरलेल्या निम्म्यांना मोठा पिंजरा, त्यात नारळाच्या करवंट्या, पाइपचे तुकडे, मक्याची दाणे काढलेली बुरकुंडं, चढायला शिडी, आणि सोबत. मेंदू बिघडला तरी तो बदलू शकतो का, नुसत्या भरल्या घरानं त्याला काही फरक पडतो का, एवढाच माझा प्रश्न होता.

हा प्रश्न मी का घेतला, ते मी सरांना सांगितलं नव्हतं. कारण घरी होतं, आमच्या गावी वरकुट्यात. माझा थोरला भाऊ, विलासदादा.

आमची डाळिंबाची बाग दादानं स्वतःच्या हातानं लावलेली. फांदीला ओलं शेवाळ बांधून मुळं फुटेपर्यंत वाट बघायची आणि मग ती रोपं लावायची, असं एकेक करून. बाग तिसऱ्या वर्षाला आली आणि दादा आजारी पडला. बांधावरच्या बाभळीखाली बसून तो कुणाशी तरी तासन् तास बोलायचा. आईच्या हातचं जेवण त्यानं बंद केलं. गावातले चार जण म्हणाले, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. आमचे वडील, आबा, शाळेत चौथीच्या पुढे गेले नाहीत, पण त्यांनी कुणाचंही न ऐकता दादाला पुण्याला डॉक्टरकडे नेलं. याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

औषधांनी आवाज गेले. पण जाताना ते आणखी बरंच काही घेऊन गेले. दादा पेपरातली एकच ओळ तीनदा वाचायचा. विहिरीवर जायला निघून गोठ्यापाशी उभा राहायचा. डॉक्टर म्हणाले, याला वेळ लागतो, औषध सोडू नका आणि त्याला त्याचं काम करू द्या. काम करू द्या म्हणणं सोपं होतं. बागेत ठिबकचे पाच व्हॉल्व्ह होते, पाच वेगवेगळ्या ठिकाणी. पुढचा उघडल्याशिवाय आधीचा बंद करायचा नाही, नाहीतर पाण्याचा जोर कोंडतो आणि पाइप फुटतो. त्या डिसेंबरात पाणी तोडायच्या आधीच्या आठवड्यात दादानं दोनदा पाइप फोडला. दुसऱ्या वेळी तो तीन आणि चारच्या मध्ये कुठंतरी ओळीत उभा होता आणि आपण कुठं आहोत हे त्याला सांगता येत नव्हतं.

त्या रविवारी मी घरी होते. रात्रीची जेवणं झाल्यावर आबा मला म्हणाले, "स्वाती, संक्रांतीनंतरचं पहिलं पानी त्याला जमलं तर ठीक. न्हायतर बाग शेजारच्या शंकररावांना वाट्यानं देऊन टाकतो. पोराला रोज रोज हरल्यालं बघवत न्हाय मला."

दादा दाराआडच होता. त्यानं ऐकलं, हे आम्हा दोघांनाही कळलं. बाग गेली तर दादाला सकाळी उठून जायला दुसरी जागा नव्हती.

सोमवारी मी पुन्हा टाकीपाशी आले ती तीच गोष्ट डोक्यात घेऊन. मला मदतीला कळंबचे भिकूतात्या होते. कॉलेजात शिपाई म्हणून लागायच्या आधी त्यांनी दहा वर्षं विहिरी काढल्या होत्या. डोक्यावर पांढरी टोपी, कायम. उंदीर पाण्यात असला की तात्या एका कोपऱ्यात उभे राहायचे. पहिल्या दिवशी जिथं उभे राहिले तिथंच, रोज. मी स्टूल दिलं तर घ्यायचे नाहीत.

"बसा की तात्या, किती वेळ उभं राहणार?"

"न्हाय ताई. हिरीत गडी उतरला की वरच्यानं बसायचं न्हाय आन जागा सोडायची न्हाय, अशी रीत हाय आमच्यात. खालनं मान वर केली की त्याला डोस्कं दिसाय पायजे. जिथं व्हतं तिथंच दिसाय पायजे. जागा बदलली की खालचा भांबावतो."

"अहो, हा उंदीर आहे."

"जीव हाय न्हवं? आन पान्यातच हाय."

मी हसले. वहीत नोंदी केल्या. दिवस छान चालले होते. औषध दिलेले उंदीर आधी टाकीच्या कडेकडेनं गोल फिरत राहायचे, पण करवंट्यांच्या पिंजऱ्यातले काही जण हळूहळू मध्ये यायला लागले होते, थांबून मान उचलायला लागले होते. त्यांतला एक उंदीर, ज्याच्या शेपटीवर मी निळी खूण केली होती, तो एका सकाळी अर्ध्या वाटेवर चुकला, स्वतःच वळला आणि पाटावर चढला. माझ्या डोळ्यात पाणी आलं. तात्या म्हणाले, "सापडलं की गड्याला."

डिसेंबरच्या अखेरीस तात्यांच्या भाचीचं लग्न आलं. मामाला तर नवरीच्या मागे उभं राहावंच लागतं, म्हणून ते तीन दिवस रजेवर गेले. मी एकटीनं टाकी भरली, पावडर कालवली, निळ्या खुणेचा उंदीर पाण्यात सोडला. तो फिरत राहिला. मी दुसरा सोडला, तोही. मग कधीच न चुकणारे धडधाकट उंदीर सोडले. ते निघाले तर झोकात, पण मध्येच थांबले, मान वर करून गोल फिरले आणि पाटाला न लागता बाजूनं निघून गेले. पाणी गार झालं का, पाट हलला का, सगळं तपासलं. त्रिकोण जागेवर, वर्तुळ जागेवर. दीड महिन्याचं काम पाण्यात गेलं असं वाटून मी सरांकडे धावले.

सर आले, शांतपणे एक उंदीर पोहताना बघितला आणि विचारलं, "इथं रोज काय असतं, जे आज नाही?"

मी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. माझे कागदी त्रिकोण उंदरांनी फारसे मनावर घेतलेलेच नव्हते. त्यांनी खूण धरली होती ती तात्यांच्या टोपीची. सरांनी माझी चांगली खरडपट्टी काढली. माणूस टाकीजवळ उभा असेल तर तोही खूण होतो, हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं. ते तीन दिवस प्रबंधातून वगळावे लागले आणि कोपऱ्यात पडदा लावून पुढचे आठ दिवस नव्यानं सगळं करावं लागलं. पण बोलणी खाताना मी अर्धवटच ऐकत होते. माझ्या मनात एकच येत होतं. या धडधाकट उंदरांचं डोकं नव्हतं बिघडलं. त्यांची आठवण आत जशीच्या तशी होती, तिला टेकायला बाहेर जे लागतं ते कुणीतरी काढून नेलं होतं.

त्या रविवारी मी वरकुट्याला गेले. बागेची पानं गळून गेली होती. दादा बांधावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले आणि आजवर कुणीच न विचारलेली गोष्ट विचारली.

"दादा, आजाराच्या आधी तू व्हॉल्व्ह कसे लक्षात ठेवायचास?"

तो हातानं हवेत दाखवत सावकाश म्हणाला, "बाभळ डाव्या खांद्याला आली की दोन नंबर. पाठीमागं गेली की तीन. मग आयच्या लुगड्याची हिरवी चिंधी, ती चार. लाल चिंधी, पाच."

"आणि आता?"

"आता बाभळ कुठं हाय, स्वाते?"

बाभळ नव्हती. दादा पुण्याला दवाखान्यात असताना आबांनी ती तोडली होती. तारेच्या खांबांना बांधलेल्या चिंध्याही सोडून जाळल्या होत्या, कारण खांबाला चिंधी दिसली की येणारा-जाणारा समजायचा, या घरात काहीतरी उतरवलंय. पंपाची खोली रंगवली होती, बागेचं फाटक दुसऱ्या बाजूला नेलं होतं. पोरगा परत येईल तेव्हा त्याला त्या वाईट दिवसांची कसलीच आठवण राहू नये, म्हणून एका बापानं महिनाभर राबून हे सगळं केलं होतं.

आबा आमच्या मागे उभे होते. कधी आले, कळलं नाही. ते बाभळीच्या उरलेल्या बुंध्याकडे बघत म्हणाले, "त्या झाडाखाली माझं पोर वाऱ्याशी बोलायचं. ते दिसलं की काळजात धस्स व्हायचं. मला वाटलं, झाड गेलं की दुखनं जाईल." मग खाली बसले आणि रडले. आबांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांना तात्यांची गोष्ट सांगितली. टाकी, टोपी, विहिरीची रीत, सगळी. आबांनी उंदराचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं, पण विहिरीची रीत दोनदा सांगायला लावली. आईनं ट्रंकेतून हिरवं आणि लाल जुनं लुगडं काढलं. दादानं स्वतःच्या हातानं चिंध्या बांधल्या. बाभळीचं काय करायचं, ते मात्र कुणालाच सुचलं नाही.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी पहिलं पाणी होतं. मी रजा काढून आले होते. पंप सुरू झाला आणि दादा एक नंबरच्या व्हॉल्व्हकडे निघाला. तेव्हा आबा बांधावर चढले, तोडलेल्या बाभळीच्या बुंध्यावर पाय ठेवून उभे राहिले आणि डोक्यावरची पांढरी टोपी नीट केली.

एक उघडला. दादा ओळीतून चालत गेला, मध्ये थांबला, डावीकडे मान वळवली. आबा होते. दोन उघडला, मग परत येऊन एक बंद केला. तीनला जाताना तो चुकला. दोन ओळी पुढे गेला आणि तिथंच थबकला. आई पुढे धावणार होती, मी तिचा हात धरला. दादा उभ्या जागी सावकाश गोल फिरला, मान उचलली, पांढरी टोपी शोधली आणि ती नेमकी पाठीमागं येईपर्यंत दोन ओळी मागे आला. तीन उघडला. मग हिरवी चिंधी, मग लाल. प्रत्येक ठिकाणी आधी पुढचा, मग मागचा. पाइप फुटला नाही. सकाळी आठला सुरू झालेलं काम दुपारी एकला संपलं, आणि त्या पाच तासांत आबा एकदाही बसले नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही त्यांनी. शंकररावांचं नाव आमच्या घरात पुन्हा निघालं नाही.

बागेला कळी निघाली त्या आठवड्यात माझं शेवटचं काम आलं. उंदरांचे मेंदू तपासायचे होते, म्हणजे उंदीर राहणार नव्हते. त्या सकाळी तात्यांनी निळ्या खुणेच्या उंदराला स्वतःच्या डब्यातल्या भाकरीचा तुकडा भरवला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला आजही त्याचं वाईट वाटतं, आणि वाटत राहावं असं मला वाटतं.

मेंदूचे पातळ काप चांदीच्या क्षारात कित्येक दिवस बुडवून ठेवले की त्यातल्या थोड्याच पेशी काळ्या होतात आणि फांदीन् फांदी दिसते. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मला आमची बाग दिसली. पानं गळालेली डाळिंबाची फांदी, तिला फुटलेल्या फांद्या, आणि अंगभर बारीक बारीक काटे. एका पेशीचा दुसरीशी जिथं संबंध जुळतो, ते हे काटे. रिकाम्या पिंजऱ्यातल्या उंदरांच्या फांद्या मला उघड्या दिसल्या. करवंट्यांच्या पिंजऱ्यातल्यांवर काटे दाट होते. सर म्हणाले, एवढ्याशा कामावरून मोठं काही म्हणायचं नाही, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. बरोबरच होतं ते. मी प्रबंधात मोठं काहीच म्हटलं नाही. पण त्या दुपारी काचेवरून डोळा उचलवेना. आयुष्यात फार थोड्या वेळा माणसाला हात जोडावेसे वाटतात. माझे हात तेव्हा रबरी मोज्यांत होते, तरी जोडले गेले.

त्यानंतर दरवर्षी पहिल्या पाण्याला आबा बुंध्यावर उभे राहिले. दादाला पुढे त्यांची गरज उरली नव्हती, असं मी समजत होते. दादाची औषधं चालू आहेत, अधूनमधून जड दिवस येतात, पण बाग त्याचीच आहे आणि निमगाव केतकीच्या बाजारात लोक त्याला फवारणीचं विचारतात. या उन्हाळ्यात आबा गेले.

मंगळवारी दादाचा फोन आला. पाणी तोडलं म्हणाला, काडी चांगली पिकली आहे म्हणाला. मग विचारलं, "पहिल्या पान्याला येशील का?"

"येईन की. पण तुला तर आता सगळं तोंडपाठ आहे."

"येतंय सगळं. डोळं झाकून करीन. पन बांधावर कोन हाय, स्वाते?"

येते, एवढंच म्हणाले.

"पांढरं कायतरी घालून ये. लांबनं दिसाय पायजे," दादा म्हणाला. "आन पाची व्हॉल्व्ह होस्तवर बसायचं न्हाय."